मालूआत्याची बी

आमच्या घरात सीताफळ खाली बसून कुणी खात नसे. ते खायचं गच्चीवर, उभ्यानं, ऊन उतरल्यावर. खाली बसून खाल्लं की बिया ताटलीत जमतात आणि मग सगळी मजाच जाते, असं बाबा म्हणायचे. गारखेड्यातलं आमचं रो हाऊस अरुंद होतं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, आणि त्यावर घराइतकीच लांबट गच्ची. गच्चीच्या एका टोकाला कपड्यांची दोरी, दुसऱ्या टोकाला जुन्या कूलरचा काढून ठेवलेला पत्रा. दोरीच्या खांबापाशी विटेच्या तुकड्यानं ओढलेली आडवी रेघ होती. तिच्यामागं उभं राहायचं, गर गिळून बी जिभेवर घ्यायची आणि उडवायची. ज्याची बी सगळ्यांत अलीकडं पडेल, त्यानं दुसऱ्या दिवशी गच्ची झाडायची. बी पत्र्यावर जाऊन आपटली तर मात्र त्या माणसाला उरलेल्यांतलं सगळ्यांत मोठं फळ. पत्र्याचा तो टणकन येणारा आवाज मला अजून ऐकू येतो. आता माझ्या गुडघ्यांना जिना झेपत नाही आणि सीताफळाचा गर डब्यात भरून मिळतो, बिया काढून. मुलं म्हणतात, किती सोयीचं आहे. आहे खरं.

सीताफळं बाबा आणायचे. ते वेरूळला गाइड होते, जर्मन बोलणारे. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि संध्याकाळी घसा बसवून परतायचे. दिवाळीच्या आगेमागे दौलताबादच्या घाटाखाली बायका टोपल्या घेऊन बसतात. त्यांच्याकडून डोळे उघडलेली फळं बाबा निवडून घेत. घरी आल्यावर आई ती पोत्यात गुंडाळून जिन्याखाली ठेवायची. दोन दिवसांनी सगळ्या घराला गोडसर वास सुटला की आम्ही ओळखायचो, आज गच्ची. आई बँकेतून येऊन धपाटे थापायला घ्यायची, तव्यावरचा तो खमंग धूर जिन्यातून वर यायचा, आणि शेजारच्या नसीमखाला मधल्या कठड्यावरून डोकावून विचारायच्या, "आज हारा कौन?" आमच्या दोन गच्च्यांमध्ये कमरेएवढाच कठडा होता. खालाच्या वाट्याची दोन फळं त्या कठड्यावर ठेवलेली असायची.

खेळणारी आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि मालूआत्या. आजोबा, म्हणजे नाना, खेळत नसत. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले नाना खुर्ची टाकून बसत, चाकूनं फळाचे दोन भाग करून चमच्यानं खात आणि बिया मुठीत धरून ठेवत. आमच्या खेळाकडं ते बघत नसत, पण खुर्ची मात्र कधी दुसरीकडं वळवत नसत.

मालूआत्या बाबांची धाकटी बहीण. चाळिशीला टेकलेली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणारी, कायम फिक्या रंगाची साडी नेसणारी. तिचं लग्न सोयगावला झालं होतं. दोन वर्षांनी ती एक बॅग घेऊन परत आली आणि त्या दोन वर्षांबद्दल घरात कधी कुणी बोललं नाही. मला कळायला लागलं तेव्हापासून ती आमच्याकडंच होती. वरच्या खोलीत मी आणि ती शेजारी शेजारी झोपायचो. लग्नकार्यात ती मागच्या रांगेत बसायची. पाहुणे आले की चहाचा ट्रे आईच्या हातात देऊन आत वळायची. तिला कुणी वाईट वागवलं असं नाही. पण आपण या घरात थोडी जास्तीची जागा अडवतो आहोत, असं तिच्या चालण्यातून सुद्धा दिसायचं. आज मी तिच्या त्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, आणि इतक्या तरण्या बाईला आम्ही सगळे म्हातारी का समजत होतो, ते मला सांगता येत नाही.

गच्चीवर मात्र ती वेगळी असायची. पदर खोचायची, डावा पाय पुढं टाकायची, डोळे मिटून नाकानं श्वास भरायची. तिची जीभ पन्हाळीसारखी वळायची. तीत ती काळी, गुळगुळीत बी बरोबर बसायची. मग मान जराशी मागं, आणि फट्! बी दिसायचीच नाही. आम्ही सगळे पत्र्याकडं बघायचो आणि टण् वाजायचं. बाबांची बी पत्र्याच्या दोन हात अलीकडं, आईची त्याच्याही अलीकडं, माझी तर बऱ्याचदा हनुवटीवरून ओघळायची. मी तिला विचारायचे, "कसं जमतं गं तुला?" ती म्हणायची, "जोर नाही लावायचा, अनू. सोडून द्यायचं."

त्या वर्षी बाबांनी एका जर्मन कुटुंबाला घरी जेवायला बोलावलं. बाबा तसे पाहुण्यांना घरी आणत नसत, पण या उलरिख आजोबांशी त्यांचं जमलं होतं. ते निवृत्त पोस्टमन होते. सोबत त्यांची मुलगी आणि जावई. आईनं येसराची आमटी केली होती, ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळं बेतानं तिखट. जेवण झाल्यावर बाबा त्यांना वर घेऊन गेले आणि सीताफळं फोडली. उलरिख आजोबांनी पहिला घास घेतला, डोळे मोठे केले, आणि तोंडातली बी कुठं टाकावी म्हणून इकडंतिकडं बघायला लागले. बाबांनी रेघ दाखवली. स्वतः उभे राहून एक बी उडवून दाखवली.

म्हातारा असा काही हसला की खुर्ची हलली. त्यांच्या गावाभोवती चेरीच्या बागा आहेत, आणि उन्हाळ्यात तिथं चेरीच्या बिया उडवायची स्पर्धा असते, असं त्यांनी बाबांना सांगितलं. लहानपणी आम्हीही स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाच खेळ खेळायचो, म्हणाले. आता फ्रान्सहून, हॉलंडहून लोक येतात, पंच असतात, मोजायला टेप असते. बोलता बोलता त्यांनी कोट काढून ठेवला आणि रेघेमागं उभे राहिले. त्यांची पहिलीच बी बाबांच्या पुढं गेली. जावयाची बी मागं राहिली, मुलीची अधेमधे. बाबा ओरडले, "मालू! ये, आपली लाज राख!"

आत्या जिन्याच्या दारात उभी होती. तिनं नानांकडं पाहिलं. नाना हळू आवाजात म्हणाले, "पाहुण्यांपुढं बाईमाणसानं थुंकायचं म्हणजे काय? राहू दे." ती मागं सरली. उलरिख आजोबांना शब्द कळले नाहीत, पण बाकी सगळं कळलं असावं. त्यांनी एक फळ उचललं, तिच्यासमोर नेलं आणि वाकून, अगदी अदबीनं, दोन्ही हातांनी पुढं केलं. पाहुण्यानं दिलेलं फळ नाकारायचं कसं? तिनं ते घेतलं, उभ्यानंच खाल्लं, आणि मग पदर खोचला.

पत्रा वाजला. एकदा वाजला, पुन्हा वाजला. तिसऱ्या वेळी उलरिख आजोबा स्वतः पत्र्याजवळ जाऊन उभे राहिले, बी खरंच येते का बघायला, आणि ती त्यांच्या बुटाच्या टोकावर आपटली. कठड्यापलीकडं नसीमखाला टाळ्या पिटत होत्या. नाना उठून खाली गेले.

होळीच्या सुमाराला बाबांच्या फोनवर पत्र आलं. गावाच्या मंडळाचं रीतसर आमंत्रण होतं. उन्हाळ्यातल्या स्पर्धेला मालतीबाईंनी यावं, राहण्याजेवणाची सोय उलरिखकडं. बाबांनी जेवताना ते मराठीत वाचून दाखवलं. नानांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "लोक परदेशी शिकायला जातात, नोकरीला जातात. आपली लेक थुंकायला जायली, असं सांगू का चारचौघांत?" आत्याच म्हणाली, "दादा, कळवून टाक, जमणार नाही म्हणून. उगाच त्यांना आशेवर ठेवू नको." आणि ताटं उचलायला लागली. विषय तिथं मिटला. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, आणि त्यांनी कळवलंही नाही.

पण पाहुणे आले होते त्या संध्याकाळचं चित्रण कुठल्यातरी गच्चीवरून कुणीतरी केलं होतं. कुणी ते आम्हाला कधी कळलं नाही. ते या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत सोयगावला पोचलं. एका रविवारी दुपारी आत्याच्या पूर्वीच्या सासरचे कुणी चुलते नानांना फोन करून बसले. नानांना कमी ऐकू यायचं, म्हणून त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर. आई तांदूळ निवडत होती, मी टेबलाशी अभ्यास करत होते, आत्या इस्त्री करत होती. सगळ्या घरानं ते ऐकलं.

"रावसाहेब, तुमच्या मालतीचा व्हिडिओ पाहिला. लई नाव काढलं तुम्ही. गोऱ्या लोकांसंगं थुंकू लागली म्हणं!" पलीकडं दोघंतिघं हसत होते. "आमच्या घरातनं वेळेवर गेली, बरं झालं बघा."

नानांना फोन बंद करायचं बटण सापडेना. त्यांचं बोट काचेवर नुसतंच फिरत राहिलं आणि ते हसणं बैठकीत चालू राहिलं. शेवटी आत्या इस्त्री उभी करून आली, त्यांच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला. मग तो टेबलावर नीट ठेवला. तिच्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. इतकी वर्षं तिच्याशेजारी झोपूनही तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. वर तोंड करून तिनं हाक मारली, "दादा, तिकीट काढ. पैसे माझे मी देते." आणि जाऊन नानांच्याच शर्टाची राहिलेली बाही इस्त्री करायला लागली.

त्यानंतर नानांनी तिच्याशी बोलणं सोडलं. रागावून की आणखी कशानं, ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही. ती चहा ठेवायची, ते प्यायचे. तिनं पासपोर्टचा अर्ज भरला. उन्हाळ्यात औरंगपुऱ्यातल्या फळवाल्याकडं काश्मिरी चेरीची खोकी येतात, ती बाबा आणू लागले. तोवर चेरी म्हणजे केकवरची लाल, चिकट गोळी एवढंच मला ठाऊक होतं. खरी चेरी खाऊन मी थक्क झाले. पण तिची बी गोल, हलकी. आत्याच्या पन्हाळीत ती ठरेना, गडगडून घशाकडं जायची. पहिले काही दिवस तिची बी माझ्याही अलीकडं पडली. ती चिडायची नाही. जिभेचं टोक खाली दाबून बघ, ओठ गोल करून बघ, असं एकेक करत राहायची. नसीमखाला कठड्यावर कोपर टेकून सल्ले द्यायच्या. "होठाँ गोल कर गे, जैसे चाय फूँकते ना, वैसे!" आणि एका संध्याकाळी, खालाचं ऐकून की काय, पत्रा पुन्हा वाजला.

पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा बाबा वेरूळला होते. हवालदार तरुण होता, घामानं थबथबलेला. आईनं पाणी दिलं, आत्यानं कागद पुढं केले. नाना खुर्चीत पेपर वाचत होते. हवालदारानं पत्ता विचारला, किती वर्षं राहता विचारलं, आणि कागदावर सही घेता घेता सहज म्हणाला, "ताई, फॉरेनला काय काम काढलं? नोकरी लागली व्हय?"

आत्या फरशीकडं बघत राहिली. फोन बंद करणारी ती बाई कुठं गेली कोण जाणे. आईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात पेपरमागून आवाज आला.

"स्पर्धा आहे. आंतरराष्ट्रीय."

हवालदार वळला. "अरे वा. कायची?"

नानांनी पेपर खाली केला, त्याची घडी घातली, चष्मा काढला. सगळं सावकाश. मग म्हणाले, "चेरीच्या बिया फुंकायची."

"फुंकायची? म्हंजे तोंडानं?"

"मग काय नाकानं फुंकतील? तोंडानंच. तिकडच्या मंडळाचं आमंत्रण आहे, सहीशिक्क्याचं. अख्ख्या जिल्ह्यातून हिला एकटीला आलंय." आणि आत्याकडं न बघता म्हणाले, "मालू, यांना चहा टाक. उन्हाचे आलेत."

स्वयंपाकघरात जाऊन आत्या ओट्याला धरून उभी राहिली. मी मागून गेले तर म्हणाली, "दूध उतू जाईल, बघ गं," आणि पदरात तोंड खुपसलं. दूध अजून फ्रीजमध्येच होतं. बाहेर नाना त्या हवालदाराला चेरी आणि सीताफळाच्या बियांमधला फरक समजावून सांगत होते, आणि त्यांना तो अगदी बारकाईनं ठाऊक होता. त्या दिवसापासून आमच्या घरात थुंकणं हा शब्द गेला. बी फुंकायची.

आत्या एकटीच गेली. बाबांना सुट्टी मिळेना. मुंबईच्या विमानतळावर आम्ही तिला सोडलं तेव्हा तिच्या हातात धपाट्यांचा डबा होता आणि ती आत जाईपर्यंत मागं वळून बघत होती. पण काच ओलांडल्यावर वळली नाही. फ्रँकफर्टला उलरिख आजोबांची मुलगी घ्यायला आली.

स्पर्धेच्या दिवशी तिथं दुपार होती, इथं संध्याकाळ. बाबांनी फोन टीव्हीला जोडला. बैठकीत आम्ही सगळे, नसीमखाला, आणि गल्लीतले आणखी कोण कोण दारात. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीवर हिरवळ होती, लाकडी फळ्यांचा लांब पट्टा, आजूबाजूला बाकांवर माणसं, वाजणारा बँड. एकेक बाई यायची, फळ्यांच्या कडेला उभी राहायची, बी उडवायची, पंच धावत जाऊन टेप लावायचे. मग आत्या आली. निळ्या साडीत, पायात आईचे बूट. इतक्या लांबून ती फार बारीक दिसत होती. उलरिखच्या जावयानं फोन धरला होता. त्याचा हात हलत होता.

पहिली बी तिच्या पायापाशी पडली. कुणी हसलं नाही, पण आमच्या बैठकीत कूलरचा आवाज मोठा झाला. दुसऱ्या वेळी बी लांब गेली, खूप लांब, खाला ओरडल्या, आणि पंचानं हात आडवा केला. पाय कडेच्या पुढं गेला होता. बाबा उठून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. एकच फेक राहिली होती. आत्यानं बाटलीतलं पाणी प्यायलं, चूळ भरली, नवी चेरी तोंडात टाकली आणि ती सावकाश, चवीनं खाल्ली. बँड थांबला होता. नाना टीव्हीजवळ सरकले, जवळजवळ त्याला नाक लावून, आणि पुटपुटले, "घाई करू नको, बेटा. घाई करू नको."

"मार गे मालू!" खाला किंचाळल्या.

बी आम्हाला दिसलीच नाही. पंच धावले, फळ्यांवर वाकले, टेप ताणली गेली, आणि कुणीतरी आकडा ओरडलं. बाबांनी ऐकला आणि ते मटकन खाली बसले. बायकांमध्ये तिसरी. पहिली आली ती जर्मनीतलीच एक बेकरीवाली, दुसरी फ्रान्सची शाळामास्तरीण. तिसऱ्या पायरीवर आमची आत्या उभी राहिली तेव्हा त्या बेकरीवालीनं तिला कमरेला धरून वरच उचललं, आणि आत्या सगळ्या जगासमोर खदाखदा हसली. दारात उभी असलेली माणसं टाळ्या वाजवत होती. नाना चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला तरी पुसत होते.

बक्षीस म्हणून चेरीच्या मुरंब्याची मोठी बरणी मिळाली. नानांनी तो पोळीला लावून खाल्ला, तोंड वाकडं केलं, "आंबट आहे," म्हणाले, आणि बरणी संपेपर्यंत रोज खाल्ला.

आत्या परत आली ती कुणी वेगळी होऊन आली नव्हती. तशीच फिकी साडी, तसंच कॉलेज. फक्त पाहुणे आले की चहाचा ट्रे आता ती स्वतः बाहेर आणायची आणि तिथंच बसायची. आणि दसऱ्याच्या सुमाराला, सगळे जेवायला बसलेले असताना ती म्हणाली, "नाना, कॉलेजजवळ एक लहान फ्लॅट भाड्यानं मिळतो आहे. मी घ्यावा म्हणते." आईनं बाबांकडं पाहिलं. वरच्या खोलीत माझ्याशेजारी आता कोण, हे एकच मला सुचलं. "इथं काही कमी पडलं का?" बाबांनी विचारलं. ती म्हणाली, "काहीच नाही रे, दादा. कमी काही पडलं नाही म्हणूनच इतकी वर्षं राहिले."

नानांनी जेवण संपवून हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र टोपी घालून, काठी घेऊन तयार झाले. "चल, दाखव." मीही गेले. दोन खोल्या, एक अरुंद बाल्कनी, समोर कडुनिंब. नानांनी भिंतींकडं पाहिलं नाही, खिडक्यांकडं पाहिलं नाही. नळ सोडून बघितला. आमच्या शहरात पाणी कधी येईल ते महापालिकेलाही सांगता येत नसे, आणि घर बघायचं म्हणजे आधी पाणी बघायचं, हे ज्याला त्याला ठाऊक होतं. मग काठी टेकत तीन मजले चढून ते थेट इमारतीच्या माथ्यावर गेले. आम्ही दोघी मागोमाग. तिथल्या काळ्या टाकीला त्यांनी काठीनं वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिलं, मला झाकण उघडायला लावलं, वाकून आत बघितलं, आणि धाप ओसरेपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिले.

"टाकी मोठी आहे," शेवटी म्हणाले. "दोघांना पुरून उरंल."

"दोघं कोण, नाना?" आत्यानं विचारलं.

"का?" नाना तिच्यावर खेकसले. "मी राहायला आलो, तर आंघोळ नाही करायची व्हय?"